शंका-समाधान : इंग्रजीतील नियमाबाहेरची अनेकवचने

गेल्या अंकात या सदरासाठी इंग्रजी अनेकवचनांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर तक्रारीचा आहे. नामाला 'एस' किंवा 'ई-एस' जोडण्याचा इतका सोपा नियम असताना काही शब्द तो का जुमानत नाहीत, आणि त्यांची यादी घोकण्यावाचून दुसरा मार्ग नाही का, असे वाचक विचारतात. यादी पाठ करावी लागते, हे मान्य केलेले बरे. मात्र तिच्यातील रोजच्या वापराचे शब्द फार थोडे आहेत, आणि आज नियमबाह्य दिसणारे यांपैकी बहुतेक शब्द आपापल्या काळी नियमानेच चालत होते. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : 'फूट'चे 'फीट' होते, 'टूथ'चे 'टीथ' होते, तर 'बुक'चे 'बीक' का होत नाही, असे सहावीतील एका मुलीने मला वर्गात विचारले. मी तिला 'अपवाद' म्हणून गप्प केले, पण मनाचे समाधान झाले नाही. (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

उत्तर : त्या मुलीची पाठ थोपटा, कारण तिने विचारलेली गोष्ट एके काळी खरोखरच घडत होती. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुस्तकाला 'बोक' म्हणत आणि अनेक पुस्तकांना 'बेच'. पायाला 'फोट' व अनेकांना 'फेट', दाताला 'तोथ' व अनेकांना 'तेथ', गाईला 'कू' व अनेकींना 'क्यू' अशी ती सगळी एकाच पंगतीत बसणारी नामे होती.

आतील स्वर बदलण्याचे कारण आणखी मागे, इंग्रजी लिहिली जाण्यापूर्वीच्या काळात सापडते. त्या काळी या नामांच्या अनेकवचनाला शेवटी 'इ' हा स्वर असलेला प्रत्यय लागत असे, म्हणजे 'फोट'चे अनेकवचन साधारण 'फोटिझ' असे होते. 'ओ' आणि 'ऊ' उच्चारताना जीभ मागे असते व ओठ गोल होतात, तर 'इ' उच्चारताना जीभ पुढे येते. पुढे येणाऱ्या 'इ'ची तयारी जीभ आधीच करू लागली आणि त्यामुळे आधीच्या अक्षरातील स्वर पुढे सरकत सरकत 'ए'पर्यंत पोहोचला. त्यानंतर शब्दांच्या शेवटची अक्षरे झिजली, प्रत्यय गळून गेला आणि त्याने घडवून आणलेला स्वरबदल तेवढा मागे राहिला. जर्मन भाषेत हाच बदल झाला असला तरी प्रत्ययाचा अवशेष टिकून आहे, म्हणून तिथे 'फूस'चे 'फ्यूसे' होते. मराठी मुलांना हे समजावताना 'फूल' आणि 'फुले' ही जोडी फळ्यावर लिहावी. प्रत्यय लागताच 'फू' ऱ्हस्व होतो. आता शेवटचा 'ए' पुढच्या पिढ्यांच्या बोलण्यातून झडून गेला असे समजा, म्हणजे एकवचन 'फूल' व अनेकवचन 'फुल' एवढाच फरक उरेल आणि परकीयांना तो निव्वळ लहरीपणा वाटेल. मराठीतील ऱ्हस्वत्वाचे कारण इंग्रजीतील स्वरबदलाच्या कारणाहून वेगळे आहे, पण 'प्रत्यय गेला आणि खूण राहिली' ही गोष्ट त्यातून नेमकी कळते.

पंधराव्या शतकापासून इंग्रजीतील सर्वच दीर्घ स्वर वर सरकू लागले. त्या ओघात 'फोट–फेट'चे 'फूट–फीट' झाले आणि 'मूस–मीस'चे 'माऊस–माइस' झाले. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, हा जुना 'मूस' आणि आपला संस्कृत 'मूषक' एकाच कुळातले आहेत, आणि 'गूज' हा शब्द 'हंस' या शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे.

मग 'बेच' का टिकले नाही? कारण 'एस'च्या प्रत्ययाने बाकीचे प्रत्यय हळूहळू गिळले. 'स्टोन'सारख्या पुल्लिंगी नामांच्या एका मोठ्या वर्गाला पूर्वी 'अस' हा प्रत्यय लागत असे. तो ठसठशीत होता आणि झिजूनही ऐकू येत राहिला, त्यामुळे इतर वर्गांतील नामेही त्याच्या मागे गेली. ज्या नामांचे अनेकवचन माणसाच्या तोंडी सतत असे, तीच बचावली. पाय आणि दात एकट्याने क्वचितच बोलण्यात येतात, आणि एकच ऊ डोक्यात असल्याचे सुख तर सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही! आज या गटात 'मॅन', 'वुमन', 'फूट', 'टूथ', 'गूज', 'माऊस' आणि 'लाऊस' हे सातच रोजचे शब्द उरले आहेत. गाईचे जुने अनेकवचन 'काय' या रूपात स्कॉटलंडच्या बोलीत आढळते.

यांतील 'वुमन'कडे वर्गात विशेष लक्ष द्यावे. लिहिताना तिचे शेवटचे अक्षर बदललेले दिसते, पण बोलताना बदल मुख्यतः पहिल्या अक्षरात होतो. एकवचन 'वुमन', अनेकवचन 'विमिन'. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा 'वुमेन' हा उच्चार केवळ लिखाणावरून बनलेला आहे. तसेच उंची सांगताना इंग्रज माणूस 'फाइव्ह फूट सिक्स' म्हणतो, ते चुकीचे नाही. जुन्या इंग्रजीत संख्येनंतर नाम षष्ठीच्या अनेकवचनात येई. पायाचे ते रूप 'फोता' असे होते, त्यात स्वर बदलत नव्हता, आणि त्याचाच हा अवशेष आहे.

प्रश्न : 'चिल्ड्रन' या शब्दाला पुन्हा 'एस' लावू नये असे शिकवले जाते, परंतु बागांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर 'चिल्ड्रन्स' असेच लिहिलेले असते. तसेच 'फॉक्स'चे 'फॉक्सेस' होत असताना 'ऑक्स'चे 'ऑक्सन' का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : पाटीवरचा 'एस' अनेकवचनाचा नसून षष्ठीचा आहे. मुलांची बाग, मुलांचे कपडे, यातील 'ची' आणि 'चे' यांचे काम तो करतो. त्याच्याआधी वर एक स्वल्पविरामासारखे चिन्ह हवे, पण रंगारी ते बहुधा विसरतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. परीक्षेत 'मुले' या अर्थी 'चिल्ड्रन' एवढेच लिहावे.

तरीही ज्यांना 'चिल्ड्रन्स' हे दुहेरी अनेकवचन म्हणून खटकते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की 'चिल्ड्रन' हेच मुळात दुहेरी आहे. जुन्या इंग्रजीत 'चिल्ड'चे अनेकवचन 'चिल्ड्रु' होते. त्याचे पुढे 'चिल्ड्रे' झाले. 'रु' हा प्रत्यय फार थोड्या नामांना लागत असल्यामुळे लोकांना त्यात अनेकवचन जाणवेनासे झाले, आणि दक्षिण इंग्लंडमध्ये त्या वेळी जोरात असलेला 'एन' त्यांनी त्यावर आणखी चढवला. डच भाषेतही असेच घडले, म्हणून तिथे मुलांना 'किंडरेन' आणि अंड्यांना 'एयरेन' म्हणतात.

अंड्यांची गोष्ट तर इंग्लंडमध्येही घडली आहे. इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढणारा विल्यम कॅक्स्टन याने 1490 साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग सांगितला आहे. काही व्यापारी जहाजाने टेम्स नदीतून परदेशी निघाले असता वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातील एकाने एका घरी जाऊन खायला मागितले आणि विशेषतः 'एग्ज' आहेत का, असे विचारले. घरातील बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कोणी तरी सांगितले की याला 'एयरेन' हवे आहेत, तेव्हा बाईला उमगले. 'एग' हा उत्तरेतून, स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेला शब्द 'एस' लावून चालत होता, तर दक्षिणेकडील 'एयरेन' हे 'चिल्ड्रन'प्रमाणेच दोन प्रत्यय एकावर एक चढून बनलेले रूप होते. कोणत्या प्रकारचे अंडे लिहावे, हा कॅक्स्टनचा प्रश्न पुढे काळाने उत्तरेच्या बाजूने सोडवला.

'ऑक्स'कडे वळू. 'फॉक्स' हे पूर्वीही 'अस' प्रत्यय घेणारे नाम होते, म्हणून ते सुखाने 'फॉक्सेस' झाले. 'ऑक्स' मात्र 'अन' प्रत्यय घेणाऱ्या वर्गात होते. मध्ययुगात डोळे, जोडे, घरे यांनाही 'एन' लावून 'आयन', 'शून', 'हाउझन' अशी अनेकवचने होत असत. ती सारी गेली आणि प्रमाण इंग्रजीत त्या वर्गाचा 'ऑक्सन' हा एकटा वारस राहिला. 'ब्रेदरन' हे रूपही दिसते, परंतु ते धर्मबंधू किंवा संघातील सहकारी या अर्थी वापरले जाते. सख्ख्या भावांना 'ब्रदर्स'च म्हणावे. आणि 'व्हिक्सन' म्हणजे अनेक कोल्हे नव्हेत. तो कोल्हीणीसाठीचा एकवचनी शब्द आहे.

प्रश्न : 'गूज'चे 'गीज' होते, मग 'माँगूज'चे 'माँगीज' करावे काय? आमच्या घराभोवती मुंगसे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा प्रश्न घरात वारंवार निघतो. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : करू नये. 'माँगूजेस' असे सरळ रूप लिहावे. या प्रश्नाचे उत्तर तर तुमच्या अंगणातच आहे, कारण इंग्रजीतील हा शब्द आपल्या 'मुंगूस' या शब्दावरून घेतलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय प्रवाशांनी तो इथल्या लोकांकडून ऐकला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजी लिखाणात उतरला. इंग्रज कानाला त्याचा शेवट ओळखीच्या 'गूज'सारखा वाटला आणि वर्णलेखनही हळूहळू तसेच स्थिरावले. हंसाच्या जातीच्या त्या पक्ष्याशी मुंगसाचे काही नाते नाही. वर सांगितलेला स्वरबदल ज्या काळात झाला, त्यानंतर पुष्कळ शतकांनी हा शब्द इंग्रजीत आला. तेव्हा त्या बदलाचा वारसा त्याला मिळण्याचे कारणच नाही.

काही शब्दकोश 'माँगीज' हे रूप पर्याय म्हणून नोंदवतात, कारण लोक ते वापरतात आणि नोंद करणे हे शब्दकोशाचे काम आहे. नोंद म्हणजे शिफारस नव्हे. मराठी माणसाने तरी मुंगसाला हंसाच्या रांगेत बसवू नये, असे मला वाटते.

याच न्यायाने 'मॅन' या शब्दाचा केवळ भास असलेली नामे ओळखावीत. 'जर्मन', 'रोमन', 'ह्यूमन' यांच्या शेवटी माणूस दडलेला नाही, म्हणून ती 'जर्मन्स', 'रोमन्स', 'ह्यूमन्स' अशी चालतात. 'टॅलिझमन' हा शब्द 'तिलिस्म' या आपल्या परिचयाच्या अरबी-फारसी शब्दाच्या घराण्यातला आहे, आणि 'ऑटोमन' हा उस्मान या नावावरून आलेला आहे. त्यांनाही 'एस'च लागतो. याउलट 'फ्रेंचमन', 'पोलीसमन', 'फिशरमन' यांत खरोखरच 'मॅन' आहे, त्यामुळे तिथे 'मेन' करावे.

प्रश्न : 'नाइफ'चे 'नाइव्ह्ज' पण 'रूफ'चे 'रूफ्स'. 'थीफ'चे 'थीव्ह्ज' पण 'चीफ'चे 'चीफ्स'. यामागे काही सूत्र आहे का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सूत्र होते. जुन्या इंग्रजीत 'एफ' दोन स्वरांच्या मध्ये आला की त्याचा उच्चार मृदू, म्हणजे 'व्ह' असा होई. एकवचनात तो शब्दाच्या शेवटी असल्यामुळे कठोर राही, आणि 'अस' प्रत्यय लागताच दोन स्वरांत सापडून मृदू होई. आपल्या संधीत 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' होते, त्यात कठोर वर्ण मृदू होतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. 'वाइफ', 'लाइफ', 'नाइफ', 'लीफ', 'लोफ', 'हाफ', 'काफ', 'शेल्फ', 'सेल्फ', 'थीफ', 'वुल्फ' ही जुनी नामे त्या सूत्राने चालतात. 'हाउस'च्या अनेकवचनात 'हाउझिझ' असा 'झ' ऐकू येतो तोही याच सूत्राचा परिणाम आहे, केवळ लिखाणात तो दिसत नाही.

'चीफ', 'प्रूफ', 'ग्रीफ' हे शब्द 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आले, त्यामुळे त्यांचा 'एफ' बदलत नाही. मात्र 'रूफ' हा जुना देशी शब्द असूनही आज प्रमाण लिखाणात 'रूफ्स' असाच लिहिला जातो, त्यामुळे सूत्रावर डोळे मिटून विसंबता येत नाही. 'हूफ', 'स्कार्फ', 'ड्वॉर्फ' यांची दोन्ही रूपे चालतात. विशेषनाम झाले की शब्द जुनी रूपे टाकून देतो. कॅनडातील टोरोंटोच्या प्रसिद्ध आइस हॉकी संघाचे नाव 'मेपल लीफ्स' आहे, 'लीव्ह्ज' नव्हे.

प्रश्न : 'शीप' आणि 'डीअर' यांचे अनेकवचन तेच राहते. मग 'हेअर'चे काय? आम्ही 'माय हेअर्स' म्हणतो तेव्हा मुलगी हसते. (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : 'शीप' व 'डीअर' ही जुन्या इंग्रजीतील नपुंसकलिंगी नामे आहेत, आणि त्यांच्या वर्गाला अनेकवचनाचा प्रत्ययच नव्हता. आपल्याकडे 'एक उंदीर, दहा उंदीर' किंवा 'एक दगड, चार दगड' असे चालते, तेव्हा मराठी माणसाला यात नवल वाटू नये. 'फिश'ही बहुधा तसेच राहते, जरी माशांच्या निरनिराळ्या जाती सांगताना 'फिशेस' म्हणता येते. 'एअरक्राफ्ट', 'सीरीज' आणि 'स्पीशीज' हेही दोन्ही वचनांत सारखेच असतात.

'हेअर'चा प्रश्न निराळा आहे. मराठीत केस अनेकवचनी असतात. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एक राशी समजतात आणि क्रियापदही एकवचनी घेतात. पाहुण्यांच्या ताटात दोन केस सापडले, तर मात्र ते 'टू हेअर्स' होतात. उलट 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना 'एस' नसूनही क्रियापद अनेकवचनी लागते, आणि 'न्यूज'ला 'एस' दिसत असूनही एकवचनी. 'अॅडव्हाइस' आणि 'फर्निचर' यांना अनेकवचन नाही. मराठीत सल्ले अनेक देता येतात, म्हणून 'अॅडव्हायसेस' आपल्या तोंडून निसटते.

प्रश्न : पायजमा एकच असतो, तरी इंग्रजीत तो 'पजामाज' असा अनेकवचनी का? (निवृत्त टपाल कर्मचारी, बेळगाव)

उत्तर : शब्द आपल्याकडून गेला, पण तिथे तो 'ट्राउझर्स'च्या पंक्तीत बसला. दोन पाय किंवा दोन पाती असलेल्या वस्तूंची नावे इंग्रजीत अनेकवचनी असतात. आपली विजार, कात्री, पक्कड आणि चष्मा ही सगळी तिथे अनेकवचने होतात. एकच वस्तू असल्याचे सांगायचे तर आधी 'अ पेअर ऑफ' जोडावे. 'माय सीझर इज' ही आपल्याकडील नेहमीची चूक आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या पत्रव्यवहारात 'सिलॅबसेस' की 'सिलॅबाय', 'डेटा इज' की 'डेटा आर', आणि 'क्रायटेरिया' एकवचनी चालतो का, यावर दर वर्षी वाद होतो. निर्णय द्यावा. (प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : लॅटिन आणि ग्रीक शब्दांनी आपापली मूळ अनेकवचने सोबत आणली, आणि ती वापरणे हे विद्वत्तेचे लक्षण मानले गेले. त्यातून हा घोळ माजला. माझा कौल असा आहे की जिथे 'एस'चे इंग्रजी रूप शब्दकोशांना मान्य आहे, तिथे तेच लिहावे, आणि मूळ रूप जिथे एकमेव आहे तिथे ते बिनचूक लिहावे.

'क्रायटेरियन' हे एकवचन आणि 'क्रायटेरिया' हे अनेकवचन. 'नॅक'च्या मूल्यांकनाच्या निमित्ताने आपल्या महाविद्यालयांत 'धिस क्रायटेरिया' हा प्रयोग फार रुळला आहे, पण औपचारिक लिखाणात तो चूकच आहे. 'फिनॉमिनन–फिनॉमिना', 'थीसिस–थीसीज', 'अॅनॅलिसिस–अॅनॅलिसीज', 'बॅक्टीरियम–बॅक्टीरिया' यांचेही तसेच आहे. माजी विद्यार्थी एकच असेल तर 'अलम्नस', माजी विद्यार्थिनी असेल तर 'अलम्ना', आणि पुष्कळ असतील तर 'अलम्नाय'. 'आय अॅम अॅन अलम्नाय' असे सांगणारा माजी विद्यार्थी व्याकरणदृष्ट्या स्वतःला समुदाय समजत असतो, आणि 'अलम्नीज' या शब्दाविषयी तर काही न बोललेले बरे.

'डेटा' मुळात 'डेटम'चे अनेकवचन आहे. शास्त्रीय निबंधांत अनेकदा अनेकवचनी क्रियापद देतात, संगणकाच्या व्यवहारात एकवचनी, आणि दोन्ही मान्य आहेत. एका अहवालात एकच पद्धत पाळावी म्हणजे वाद मिटेल. 'अजेंडा' हेही लॅटिन अनेकवचनच होते, परंतु आता इंग्रजीत ते पूर्णपणे एकवचन झाले असून त्याचे 'अजेंडाज' होते. त्यावरून आता कोणी भांडत नाही.

'सिलॅबस'ची कथा गमतीची आहे. 'सिट्टुबा' हा ग्रीक शब्द ग्रंथाच्या गुंडाळीला लावलेल्या नावाच्या पट्टीसाठी होता. रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातील छापील प्रतीत तो चुकीचा वाचला गेला आणि त्यातून 'सिलॅबस' जन्मला. मूळ लॅटिनमध्ये नसलेल्या शब्दाचे लॅटिन अनेकवचन कोणते, यावर प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे भांडावे, हे काही बरे दिसत नाही. शब्दकोश दोन्ही रूपे देतात. मी 'सिलॅबसेस' लिहितो.

लॅटिनच्या हौसेला एक मर्यादाही आहे. 'बस' हा 'ऑम्निबस' या शब्दाचा शेपटाकडचा तुकडा आहे. ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी', आणि ते लॅटिनमधील चतुर्थीचे अनेकवचनच आहे. लंडनमध्ये 1829 साली जॉर्ज शिलिबीअर याने घोड्यांच्या अशा गाड्या सुरू केल्या. ज्यात नामाचा मूळ भागच उरला नाही, अशा त्या तुकड्याचे 'बाय' करता येत नाही, ते 'बसेस'च. 'ऑक्टोपस' ग्रीक आहे, त्यामुळे 'ऑक्टोपाय' हे रूप लॅटिनलाही धरून नाही आणि ग्रीकलाही. 'ऑक्टोपसेस' म्हणावे.

क्वचित दोन्ही रूपे टिकतात ती अर्थ वाटून घेऊन. कीटकाच्या मिशा 'अँटेनी', रेडिओच्या 'अँटेनाज'. पुस्तकाच्या शेवटच्या सूच्या बहुधा 'इंडेक्सेस', तर गणितातील घातांक आणि शेअर बाजारातील निर्देशांक 'इंडिसीज'. वृत्तमाध्यमे 'मीडिया', पण मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणारे 'मीडियम्स'.

प्रश्न : दोन नणंदा असतील तर 'सिस्टर-इन-लॉज' की 'सिस्टर्स-इन-लॉ'? (वाचक, जळगाव)

उत्तर : 'सिस्टर्स-इन-लॉ'. समासातील मुख्य नामाला 'एस' लागतो. येणारे-जाणारे 'पासर्स-बाय', आणि ब्रिटिश अमदानीतील गव्हर्नर जनरल एकाहून अधिक असले तर 'गव्हर्नर्स-जनरल'. मात्र चमचाभर साखर दोनदा घातली तर 'टू स्पूनफुल्स', कारण तिथे चमचा मोजलेला नसून माप मोजलेले आहे. 'वुमन डॉक्टर'चे अनेकवचन करताना दोन्ही नामे बदलतात आणि 'विमिन डॉक्टर्स' होते.

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. पूर्वी तो 'फीट' असे बरोबर म्हणायचा, आता 'फूट्स' आणि 'माउसेस' म्हणू लागला आहे. घरात मराठी बोलल्यामुळे त्याचे इंग्रजी बिघडते आहे, असे सुनेला वाटते. (आजी, ठाणे)

उत्तर : मराठीचा यात काही दोष नाही. ज्यांच्या घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही, ती मुलेही या वयात असेच बोलतात. आधी मूल 'फीट' हा शब्द ऐकून जसाच्या तसा उचलते. 'फूट' आणि 'फीट' यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नसते. पुढे 'कॅट्स', 'डॉग्ज', 'कार्स' ऐकून त्याच्या मनात नियम तयार होतो आणि तो नियम ते सगळीकडे लावू पाहते. म्हणजे 'फूट्स' म्हणणारे मूल 'फीट' म्हणणाऱ्या मुलाच्या एक पायरी पुढे गेलेले असते.

जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने 1958 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात फार गाजला. तिने लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि हा 'वग' आहे असे सांगितले. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून आता हे दोन काय आहेत, असे विचारले. हा शब्द कोणत्याही मुलाने पूर्वी ऐकलेला असणे शक्यच नव्हते, तरी बहुतेकांनी 'वग्ज' असे उत्तर दिले, आणि तेही शेवटी योग्य तो मृदू 'झ' उच्चारून. मुले रूपे केवळ पाठ करत नाहीत, ती नियम बांधतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

मराठी घरांतही हेच चालते. स्त्रीलिंगी नामांत 'भिंत'चे 'भिंती' होते पण 'वीट'चे 'विटा', 'म्हैस'चे 'म्हशी' पण 'चिंच'चे 'चिंचा', आणि यांपैकी कोणते रूप येणार हे शब्दाच्या शेवटावरून सांगता येत नाही. मूल 'विटी' किंवा 'चिंची' म्हणून पाहते, मोठी माणसे हसतात, आणि काही महिन्यांनी ते आपोआप सुधारते. नातू 'फूट्स' म्हणाला की त्याला थांबवून दुरुस्ती सांगू नये. 'हो का, तुझे फीट दुखताहेत का?' असे आपल्या उत्तरात बरोबर रूप सहज वापरावे. ऐकता ऐकता ते त्याच्या तोंडी बसेल, आणि फोनवर तुमच्याशी तो जे मराठी बोलतो, ते बंद करण्याचे तर काहीच कारण नाही.